खराटेवाला वारकरी : संत गाडगेबाबा



एकादशी झाली की चंद्रभागेचं वाळवंट कसं होतं, ते आपण वारकऱ्यांना कुणी सांगायला नको. उष्ट्या पत्रावळी, चिखल, घाण. आपण दर्शन घेऊन घरच्या वाटेला लागतो. त्याच वाळवंटात एकेकाळी अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं घेतलेला एक माणूस वाकून झाडत असायचा. पंढरीला कितीदा तरी आला, पण देवळात गेला नाही. ते आपले गाडगेबाबा.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावला, परटाच्या घरी झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या पायी लवकर गेले. आई सखुबाईंनी पोराला घेऊन दापुऱ्याला माहेर गाठलं. डेबूजीनं मामाची गुरं राखली, नांगर धरला, रान पिकवलं. पण कर्जापायी सावकाराचा डोळा त्याच रानावर गेला. ज्याला अक्षर येत नाही त्याला कागदावर कसं फसवतात, हे डेबूजीनं घरातच पाहिलं. पुढं प्रत्येक कीर्तनात बाबा पोरांना शाळेत घाला म्हणून हात जोडायचे, कर्ज काढून सण आणि तीर्थ करू नका म्हणून विनवायचे, ते यामुळंच.

1905 साली त्यांनी घर सोडलं. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे. कुणी भाकरी दिली तर ती गाडग्यात घ्यायची, रात्री कीर्तन करायचं आणि सकाळी पुढचा गाव धरायचा. पाया पडणाऱ्याला काठी दाखवायचे. शिष्य केला नाही, मठ मांडला नाही.

त्या काळी वारीला आलेल्या महार-मांग भावंडांना पंढरीत कुणी ओसरीसुद्धा देत नसे. पावसात, चिखलात लेकरं घेऊन ती उघड्यावर पडत. हे बाबांच्या काळजाला लागलं. लोकांनी दिलेल्या पैशातून 1917 साली त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली. पुढं नाशिक, आळंदी, देहू इथंही धर्मशाळा झाल्या. सदावर्तं, गोरक्षण, घाट, शाळा-वसतिगृहं झाली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. पण बाबांचं गाडगं रिकामंच राहिलं, आणि पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. लोकांचा पैसा लोकांचा, त्यातला दमडा घरी जायचा नाही, हा त्यांचा नेम.

बाबांच्या सुखाची परीक्षाही झाली. कोकणात खारेपाटणला असताना एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. बापाचं काळीज तुटलंच असणार. पण समोर बसलेली सगळी लेकरं ज्याची झाली होती, त्याला रडायला कोपरा धरून बसता आलं नाही. दुःख गिळून दुसऱ्याच्या कामाला लागणं, हेच त्यांचं औषध होतं.

1949 साली पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एवढी वास्तू दिली, पण देताना हात जड झाला नाही. 6 डिसेंबर 1956 ला डॉ. बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला. मागं राहिलं ते गाडगं, खराटा आणि चिंध्या.

माउली, आपण सगळे घरदार, शेतीवाडीवाले. बाबांसारखं सगळं सोडणं आपल्याला जमणार नाही, आणि कुणी सांगतही नाही. पण दिंडीत एक गोष्ट आपल्याला अनुभवानं ठाऊक आहे. पंगतीत पोटभर जेवून उठल्यावर जे वाटतं, त्याहून पंगत वाढून झाल्यावर जास्त बरं वाटतं. बाबा जन्मभर वाढपी राहिले, म्हणून सुखी राहिले.

दिंडीला शंभर वर्षं झाली. या साली मुक्काम हलवताना ज्या शाळेच्या पटांगणात, ज्या देवळाच्या ओवरीत आपण रात्र काढली, ती जागा आधी झाडायची आणि मगच वीणा पुढं न्यायचा, एवढं केलं तरी बाबांची पुण्याई आपल्या वारीला लागेल.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!