थॉमस कार्लाईल आणि त्यांची आवाजबंद खोली



मागच्या पालकसभेनंतर एक आई मला भेटायला थांबल्या. मुलगी पेटी शिकते, घर जुनं, एका भिंतीला दोन बिऱ्हाडं. रियाज सुरू झाला की पलीकडून भिंतीवर थाप पडते. आता मुलगी पेटी उघडायलाच घाबरते. कर्ज काढून एक खोली साउंडप्रूफ करून घ्यावी का, असं त्या विचारत होत्या. तेव्हा मला थॉमस कार्लाईल आठवले. ते स्वतः वादक नव्हते. भिंतीपलीकडे बसून दुसऱ्याचा सराव ऐकणारे शेजारी होते! म्हणूनच त्यांचं चरित्र आज तुम्हाला सांगते.

जन्म व शिक्षण

कार्लाईल यांचा जन्म ४ डिसेंबर १७९५ रोजी स्कॉटलंडमधील एक्लफेखन या गावी झाला. वडील गवंडी होते, घरची परिस्थिती बेताचीच. चौदा वर्षांचे व्हायच्या आतच हा मुलगा सुमारे शंभर मैल चालत एडिनबर्गच्या विद्यापीठात शिकायला गेला. पुढे काही वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले. म्हणजे आपल्याच व्यवसायातला माणूस! पण त्यांचे मन लेखनात होते. १८२६ मध्ये जेन वेल्श यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८२८ पासून सहा वर्षे ते दोघे एका निर्जन माळावरच्या शेतघरात राहिले. तिथे शांतता भरपूर, पण सोबत कोणाचीच नाही.

लंडनचे घर

१८३४ मध्ये ते लंडनच्या चेल्सी भागात, चेनी रो या गल्लीत भाड्याने राहायला आले. घर १७०८ सालचं, शेजारच्या घरांना चिकटलेलं. भाडे वर्षाला ३५ पौंड. इथे त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास लिहिला. त्याच्या पहिल्या खंडाचं हस्तलिखित मित्राकडे वाचायला दिलं असताना चुकून जळून गेलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. कार्लाईल यांनी तो खंड पुन्हा लिहून काढला आणि १८३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एवढ्या मोठ्या आघातातून उभा राहणारा हा माणूस आवाजापुढे मात्र हतबल होता. झोप कमी, पोटाचे दुखणे कायमचे. त्यात शेजारचा पियानो, रस्त्यावरचे बाजावाले आणि पहाटे आरवणारे शेजाऱ्यांचे कोंबडे!

खोलीचे बांधकाम

शेवटी १८५३ मध्ये त्यांनी घराच्या माथ्यावर एक नवी खोली बांधून घेतली. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी. बाहेर पाहणारी एकही खिडकी नाही. उजेड फक्त छतातल्या काचेतून. छताखालीही हवेचा थर ठेवलेला. खर्च झाला सुमारे १७० पौंड. म्हणजे जवळजवळ पाच वर्षांचं भाडं!

काम चालू असताना धूळ, ठोकाठोक आणि कामगार हे सगळं जेनबाईंनी सांभाळलं. एकदा तर एक कामगार छत फोडून त्यांच्या अगदी जवळ खाली पडला.

आणि निकाल? खोली फसली. जवळचे काही आवाज कमी झाले, पण लांबचे आवाज वरून आत येऊ लागले. नदीवरच्या बोटींचे भोंगे, रेल्वेच्या शिट्ट्या, घंटा. पूर्वी जे कानावर येत नव्हतं, ते आता येऊ लागलं. मुलांना विज्ञानात आपण शिकवतो तेच इथे घडलं. ध्वनी फक्त भिंतीतून येत नाही. तो फटीतून, काचेतून, छतातून, सगळ्या वाटांनी येतो. एक वाट उघडी राहिली की बाकीची मेहनत पुष्कळशी वाया जाते. शिवाय मोठा आवाज थांबला की त्याच्यामागे दडलेले बारीक आवाज ऐकू येतात. वर्ग शांत झाल्यावर पंख्याची कुरकुर कशी जाणवते, तसंच.

जेनबाईंचा उपाय

कोंबडे अजून आरवतच होते. त्याच वर्षाच्या शेवटी जेनबाई स्वतः शेजाऱ्याशी बोलल्या. पाच पौंड देऊन त्यांनी यापुढे कोंबड्या न पाळण्याचा लेखी करार करून घेतला. १७० पौंडांच्या भिंतींनी जे साधलं नाही, ते पाच पौंड आणि थोड्या बोलण्याने साधलं!

कार्लाईल यांनी मात्र ती खोली टाकली नाही. तिथेच बसून प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचं सहा खंडांचं चरित्र १८६५ मध्ये पूर्ण केलं. पुढच्याच वर्षी जेन गेल्या. जिने आयुष्यभर आपल्यासाठी शांतता राखली, तिच्याकडे आपलं लक्ष कमी पडलं, ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. ५ फेब्रुवारी १८८१ रोजी त्याच घरात त्यांचं निधन झालं. ते घर आज संग्रहालय आहे आणि वरची ती खोलीही पाहता येते.

आपण काय घ्यावे?

त्या आईंना मी सांगितलं, आधी कर्ज नको. दाराखालची फट बंद करा, खिडकीला जाड पडदा लावा. पेटी सामाईक भिंतीपासून लांब, जाड सतरंजीवर ठेवा. मुख्य म्हणजे मुलीला बरोबर घेऊन शेजाऱ्यांकडे जा आणि रियाजाची वेळ दोघांच्या सोयीने ठरवा. भिंतीपलीकडे कदाचित आजारी माणूस असेल, अभ्यास करणारं मूल असेल.

पुढच्या आठवड्यात मुलगी शाळेत येऊन म्हणाली, बाई, आमचं संध्याकाळी सहा ते सात ठरलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. तुमच्या वर्गातही असं एखादं मूल असेल. त्याची पेटी बंद होण्याआधी त्याच्या पालकांशी नक्की बोला.