कीटकांच्या बुद्धीचा शोध घेणारे शिक्षक : चार्ल्स हेन्री टर्नर

विद्या ही कोणत्याही कुळाची अथवा वर्णाची मिरास नव्हे, हे आपण सभासंमेलनांतून नेहमी ऐकतो. परंतु ते आचरणाने सिद्ध करणाऱ्या पुरुषांची चरित्रे आपल्या मुलांच्या कानी क्वचितच पडतात. असेच एक चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे आम्ही ठेवीत आहोत.

टर्नर यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष लोटले होते. वडील चर्चची देखभाल करीत. आई शुश्रूषेचे काम करी. परिस्थिती बेताची, पण वडिलांना वाचनाचा नाद होता. चिरंजीव हायस्कुलात पहिले आले. सिनसिनाटी विद्यापीठातून त्यांनी १८९१ मध्ये पदवी व १८९२ मध्ये एम. एस. ही पदवी मिळविली. प्राध्यापक हेरिक यांच्या हाताखाली पक्ष्यांच्या मेंदूच्या रचनेचा त्यांनी अभ्यास केला. पुढे अटलांटा येथील क्लार्क संस्थेत शिकवीत असता, कीटकादि प्राण्यांच्या मेंदूतील अळिंबीच्या आकाराच्या भागांवर त्यांनी १८९९ मध्ये लेख लिहिला. कीटकांची शिकण्याची व स्मरणाची शक्ती त्या भागांशी निगडित आहे, असे आज शास्त्रज्ञ मानतात.

मुंग्या घरी कशा परततात, या विषयावर प्रबंध लिहून १९०७ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर झाले. मुंग्या केवळ वासाच्या मागावर चालतात, असा समज असे. टर्नर यांनी दिव्याची दिशा बदलून पाहिली, तो मुंग्या वाट चुकल्या. उजेडाची दिशा ही त्यांची एक खूण होती. वारुळाजवळ मुंगी ज्या घिरट्या घेते, त्यांस एका फ्रेंच संशोधकाने टर्नर यांचेच नाव दिले.

परदेशात असा गौरव झाला; स्वदेशात मात्र एकाही मोठ्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. त्या काळचा तेथील वर्णद्वेष पाहता कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. १९०८ साली ते सेंट लुई येथील कृष्णवर्णीय मुलांच्या समनर हायस्कुलात शिक्षक झाले, आणि १९२२ पर्यंत तेथेच राहिले. तेथे संशोधनाची प्रयोगशाळा नव्हती, हाताखाली संशोधक विद्यार्थी नव्हते. वर्गाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोग करीत.

साधने तरी किती साधी! उद्यानात रंगीत पुठ्ठ्याच्या चकत्या व पेट्या मांडून, ठराविक रंगावरच मध ठेवून, मधमाशा रंग व आकृती ओळखावयास शिकतात असे त्यांनी १९१० व १९११ मध्ये दाखविले. रंगाच्या प्रयोगात केवळ उजेड-काळोखाचा भेद वगळण्याची पक्की सोय नव्हती. ती उणीव कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये भरून काढली. अंधार आवडणाऱ्या झुरळाला अंधारात विजेचा सौम्य धक्का दिला की ते अंधार टाळू लागते, हे १९१२ मधील प्रयोगाने सिद्ध झाले. एका जातीचे मोठे पतंग आवाजाची दखल घेत नसत. आवाजाबरोबर त्यांना धसमुसळेपणाने हाताळताच ते नुसत्या आवाजानेही पंख हलवू लागले. कीटक हे निव्वळ यंत्र होत, असे अनेक विद्वान म्हणत असता, कीटक अनुभवाने शिकतो हे या शिक्षकाने दाखवून दिले.

सत्तरांहून अधिक शोधलेख लिहून, १४ फेब्रुवारी १९२३ रोजी शिकागो येथे ते निवर्तले. सेंट लुई शहरातील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी व शिक्षणासाठीही ते झटले होते.

या चरित्रातून मुलांनी चिकाटी घ्यावी हे उघडच आहे. परंतु वडीलधाऱ्यांसाठीही त्यात एक बोध आहे. टर्नर यांनी पुठ्ठ्यावर एवढे साधले, म्हणून त्यांना प्रयोगशाळा नाकारणारे निर्दोष ठरत नाहीत. सुसज्ज प्रयोगशाळा आणि दहा शिष्य लाभते, तर ज्ञानात केवढी भर पडली असती! ते नुकसान एकट्या टर्नर यांचे नव्हे, सर्व जगाचे झाले. आपल्या ज्ञातीतील गरीब विद्यार्थ्यास आपण साहाय्य करतो, हे योग्यच आहे. परंतु शेजारच्या वस्तीतील हुशार मुलगा दाराशी आला असता त्याची जात विचारून आपण दार लावून घेतले, तर आपणही त्या विद्यापीठांच्याच पंक्तीस जाऊन बसू, असे आम्हांस वाटते.