पंतप्रधानाच्या अंत्यसंस्काराला उरला होता फक्त एक दात. गोष्ट काँगोच्या पॅट्रिस लुमुंबाची

३० जून २०२२. काँगोची राजधानी किन्शासामध्ये देशाच्या पहिल्या पंतप्रधानांचा दफनविधी झाला. त्यांना जाऊन ६१ वर्षं झाली होती आणि शवपेटीत होता फक्त एक दात.

हे पंतप्रधान म्हणजे पॅट्रिस लुमुंबा.

निर्वसाहतीकरण हा शब्द ऐकायला जड वाटतो. अर्थ सोपा आहे : परक्यांची सत्ता जाऊन देश तिथल्या लोकांच्या हाती येणं. पण झेंडा बदलला म्हणजे सत्ता बदलली का? लुमुंबांचं आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरतं.

१८८५ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोचा मालक झाला. देशाचा नव्हे, तर स्वतःचा खासगी मुलूख म्हणून! रबरासाठी तिथं इतके अत्याचार झाले की जगभर ओरड झाली आणि १९०८ मध्ये बेल्जियम सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला.

लुमुंबांचा जन्म १९२५ चा, कासाई भागातल्या ओनालुआ गावचा. शिकून ते पोस्टात कारकून झाले. तिथल्या पैशांच्या अफरातफरीच्या आरोपात शिक्षाही भोगली. बाहेर आल्यावर ते एका बिअर कंपनीत विक्रीचं काम करू लागले. बोलण्यात तरबेज असल्याने राजधानीत त्यांची ओळख वाढत गेली.

१९५८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने काँगोली राष्ट्रीय चळवळ हा पक्ष उभा राहिला. बाकीचे बरेच पक्ष एकेका जमातीचे होते, लुमुंबा मात्र अखंड काँगोची भाषा बोलत होते. १९५९ च्या शेवटी त्यांना तुरुंगात टाकलं, पण ब्रसेल्सच्या गोलमेज परिषदेसाठी सोडावंच लागलं.

३० जून १९६०. स्वातंत्र्याच्या सोहळ्यात राजा बोदुआँ यांनी लिओपोल्डचं कौतुक केलं. कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना लुमुंबा उठले आणि राजासमोरच गुलामीचा, अपमानाचा हिशोब मांडला. बेल्जियन पाहुणे संतापले.

स्वातंत्र्य तर मिळालं, पण देश चालवायचा कुणी? पदवीधर अगदी मोजके. सैन्यात एकही काँगोली अधिकारी नाही. आठवड्याभरातच सैनिकांनी बंड केलं. ११ जुलैला खनिजांनी भरलेला कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला. म्हणजे सरकार काँगोचं, पण तांब्याच्या खाणी बेल्जियन कंपनीकडेच!

संयुक्त राष्ट्रांचं सैन्य आलं, पण कटांगाचा प्रश्न सुटेना. लुमुंबांनी सोव्हिएत संघाकडे मदत मागितली. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेच्या नजरेत ते शत्रू ठरले. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांनी त्यांना पदावरून काढलं आणि लष्करातल्या मोबुटूंनी सत्ता हातात घेतली.

नजरकैदेतून निसटलेले लुमुंबा पुन्हा पकडले गेले. १७ जानेवारी १९६१ ला त्यांना कटांगात नेऊन दोन सहकाऱ्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघं ३५. थडगं उभं राहू नये म्हणून मृतदेह ॲसिडमध्ये विरघळवला गेला. हे काम करणाऱ्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने एक दात स्वतःकडे ठेवून घेतला.

पुढे मोबुटूंनी ३० हून जास्त वर्षं राज्य केलं. बेल्जियमने २००२ मध्ये नैतिक जबाबदारी मान्य केली आणि २०२२ मध्ये दात कुटुंबाला परत दिला.

ज्या माणसाचं थडगंही उभं राहू द्यायचं नव्हतं, त्याचं स्मारक आज किन्शासात उभं आहे.