लोकमान्यांचे नापास वर्ष

लोकमान्य टिळक कॉलेजच्या पहिल्या वर्षी नापास झाले होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थिवर्गात मोठ्या आवडीने सांगितली जाते. निकालाच्या दिवसांत तर तिचा आधार अनेकांना वाटतो! पण ते नापास का झाले, हे सांगणारे थोडे.

बळवंतराव १८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांचे वय होते अवघे सोळा. आई दहाव्या वर्षीच गेली होती, आणि वडील गंगाधरपंत १८७२ मध्ये, ऐन मॅट्रिकच्या सुमारास निवर्तले होते. लग्न झालेले. प्रकृती लहानपणापासून किरकोळ. अशा मुलाने मुकाट्याने अभ्यास करून लवकर पदवी घ्यावी, असेच कोणीही म्हणाले असते. बळवंतरावांनी नेमके उलटे केले. त्यांनी ते सबंध वर्ष शरीर कमावण्यात घालवायचे ठरवले.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. विलायतेत ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची होड्यांची शर्यत १८२९ पासून गाजत होती. कॉलेजचे शिक्षण म्हणजे मैदान आणि नदीही, ही कल्पना तिकडे रुजली होती. क्रिकेट, नौकानयन यांसारखे खेळ त्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडील कॉलेजांतही येऊ लागले. डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारत १८६८ सालची, म्हणजे तेव्हा नवीच. नदी जवळ, आणि मुले वसतिगृहात राहणारी. बळवंतरावांचा ओढा मात्र देशी व्यायामाकडे, म्हणजे तालीम, कुस्ती आणि पोहणे यांकडे. सहाध्यायांच्या आठवणींत त्या वर्षाचे टिळक पुस्तकापाशी क्वचितच दिसतात; दिसतात ते आखाड्यात नाहीतर पाण्यात. दुबळ्या मित्रांच्या औषधांच्या बाटल्या ते फेकून देत आणि त्यांना व्यायामाला ओढून नेत, असेही सांगतात. स्पष्टवक्तेपणामुळे त्यांना ‘ब्लंट’ हे नाव पडले होते. या उपद्व्यापांनी ते आणखी पक्के झाले असावे.

वर्षअखेर परीक्षेत व्हायचे तेच झाले. मात्र पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली गणित शिकून १८७६ साली ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले. (पहिले वर्ष गमावणाऱ्यांनी कथेचा हा उत्तरार्ध विसरू नये.)

या वर्षाचा हिशेब आगरकरांना बाजूला ठेवून मांडता येत नाही. टिळक एल्एल्.बी. करीत असता एम.ए.चा अभ्यास करणाऱ्या गोपाळराव आगरकरांशी त्यांचा स्नेह जमला. दोघेही १८५६ च्या जुलैतले. शाळा काढावी, लोकांना जागे करावे, हा बेत दोघांनी मिळून रचला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवसही दोघांनी बरोबर काढले. पण आगरकरांना दम्याने ग्रासले होते. गरिबीत शिकलेल्या त्या माणसाला शरीरासाठी एक वर्ष राखून ठेवणे परवडलेच नसते. ते १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. बळवंतरावांचा निश्चय थोर खरा, पण तो निश्चय करण्याइतकी सवड त्यांना होती हेही खरेच.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती! मंडालेचा तो असह्य उन्हाळा, सोबतीला मधुमेह, आणि त्यातच १९१२ साली पत्नीच्या निधनाची बातमी. त्याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून आले, आणि १९१६ साली पुन्हा होमरूलच्या चळवळीत उतरले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते.

डेक्कन कॉलेजात त्यांची राहती खोली जपून ठेवलेली आहे.