कार्ल्सरूहेचे हाइनरिश हर्ट्झ

रेडिओ लावताना आकड्यापुढे मेगाहर्ट्झ असे लिहिलेले आपण नेहमी पाहतो. हर्ट्झ म्हणजे काय, असे मुलांनी विचारले की ते एक माप आहे, एवढे सांगून आपण मोकळे होतो. हे माप एका माणसाच्या नावावरून पडले आहे. त्याने शोधलेल्या लहरी आज कर्करोगाच्या रुग्णाला किरणांचा उपचार देणाऱ्या यंत्रातही राबतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून या आठवड्यात आम्ही त्यांची हकिगत सांगत आहोत.

हाइनरिश हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरी झाला. वडील वकील होते. मुलगा अभ्यासात हुशार आणि हाताचाही कसबी. त्याने सुतारकाम शिकून घेतले, लेथवर वस्तू घडवल्या आणि हौसेने अरबी भाषेचेही धडे घेतले. इंजिनिअर व्हावे म्हणून घर सोडले, पण म्युनिकला पोचल्यावर मन पदार्थविज्ञानाकडे वळले. बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्यासारखा गुरू लाभला आणि १८८० साली डॉक्टरेट मिळाली. १८८५ साली ते कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यालयात प्राध्यापक म्हणून आले.

कार्ल्सरूहे हे ऱ्हाईन नदीजवळचे गाव. राजवाड्यापासून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले. दुसऱ्याच वर्षी तेथल्याच एका अध्यापकाची कन्या एलिझाबेथ डॉल हिच्याशी हर्ट्झ यांचा विवाह झाला. संसार आणि संशोधन दोन्ही एकदमच सुरू झाले म्हणायचे!

स्कॉटलंडच्या मॅक्सवेल यांनी वीस वर्षांपूर्वी गणिताने मांडले होते की विजेच्या लहरी असतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने धावतात. पण त्या कोणी दाखवल्या नव्हत्या. हर्ट्झ यांनी विद्यालयातील व्याख्यानाच्या दालनात अंधार केला. एका टोकाला दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडायची आणि दूर तारेचे एक कडे धरायचे. कड्याला बारीकशी फट ठेवलेली. गोळ्यांत ठिणगी पडली की त्या फटीतही इवलीशी ठिणगी चमके, मध्ये तार जोडलेली नसताना! समोरच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून त्यांनी लहरी परतवल्या आणि कडे पुढेमागे सरकवीत त्यांची लांबी मोजली. पुढे डांबराचा भला मोठा त्रिकोणी ठोकळा ओतून त्या लहरी प्रकाशासारख्या वाकतात हेही दाखवले. ही सारी खटपट १८८६ ते १८८८ या काळातली. लहानपणीची सुतारकी येथे कामास आली असणार, असे आम्हाला वाटते.

त्यांनी पेटंट घेतले नाही. पत्रा केवढा, गोळे केवढे, अंतर किती, सारे छापून टाकले. त्यामुळे कोणालाही तो प्रयोग करून पाहता आला. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याहून पुष्कळ आखूड लहरी निर्माण केल्या, त्या याच वाटेने जाऊन.

१८८९ साली हर्ट्झ बॉन येथे गेले. तेथे त्यांना दिसले की निर्वात नळीतील कॅथोड किरण धातूच्या पातळ वर्खातून पार जातात. हा धागा त्यांचे साहाय्यक लेनार्ड यांनी पुढे नेला, आणि तशाच नळ्यांवर काम करताना १८९५ साली रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. पुढच्याच वर्षी डॉक्टर ते कर्करोगाच्या गाठींवर वापरून पाहू लागले. हर्ट्झ यांना मात्र यातले काही दिसले नाही. १८९२ पासून आजाराने त्यांना घेरले. शस्त्रक्रिया झाल्या, पण गुण आला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, दोन लहान मुली मागे ठेवून ते गेले. हर्ट्झ यांच्या वडिलांचे घराणे मुळात ज्यू, म्हणून नाझींच्या काळात त्यांच्या पत्नीला व मुलींना जर्मनी सोडून इंग्लंड गाठावे लागले. लेनार्ड मात्र नाझींचेच कैवारी झाले. काय म्हणावे!

आता पुन्हा कार्ल्सरूहेला येऊ. १९२० साली रोल्फ विडरो नावाचा नॉर्वेचा तरुण त्याच विद्यालयात शिकायला आला. विद्युत्कणांना वेग देण्याची त्याची कल्पना तेथे मान्य झाली नाही, तेव्हा तो आखेनला गेला. स्वीडनच्या ईझिंग यांचा लेख वाचून त्याने १९२७ साली एक नळी बांधली. तीत रेडिओच्या जातीच्या आंदोलनांनी कणांना टप्प्याटप्प्याने ढकलले जाई. पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्याने रुग्णालयांसाठीही यंत्रे बांधली.

रेषीय प्रवेगक हे यंत्र याच कल्पनेतून वाढले. तांब्याच्या नळीत दहा सेंटिमीटरच्या आसपास लांबीची हर्ट्झ लहर सोडतात. लाटेवर होडी चढावी तसे इलेक्ट्रॉन तिच्यावर स्वार होतात आणि शेवटी धातूवर आदळून तीव्र क्ष-किरण देतात. हे किरण वरची कातडी फारशी न भाजता आतल्या गाठीपर्यंत पोचतात. जुन्या क्ष-किरण यंत्रांना तेच जमत नसे. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात या यंत्राने उपचार सुरू झाले. १९५६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे डॉक्टर कॅप्लन आणि पदार्थवैज्ञानिक गिन्झटन यांनी मिळून एका बालकाच्या डोळ्यातील कर्करोगावर उपचार केला. त्या बालकाचा एक डोळा आधीच काढावा लागला होता. दुसऱ्याची दृष्टी वाचली. एकट्या डॉक्टराला यंत्र बांधता आले नसते, आणि एकट्या पदार्थवैज्ञानिकाला किरण कोठे व किती द्यावेत हे ठरवता आले नसते.

भारतातही हेच घडले. मुंबईची समीर ही संस्था आणि चंडीगडची उपकरणसंस्था यांनी तेथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन स्वदेशी रेषीय प्रवेगक तयार केला. पुढे तसे यंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही बसले, आणि विदर्भातील रुग्णांना हा उपचार घराजवळ मिळू लागला.