शिल्पकार ताकामुरा कोउन

ज्या विद्येवर आपला चरितार्थ चालतो तीच विद्या लोकांस नकोशी झाली, तर मनुष्यानें काय करावें? या प्रश्नाचें उत्तर जपानांतील एका थोर शिल्पकाराच्या चरित्रांत आम्हांस सांपडतें.

ताकामुरा कोउन यांचा जन्म १८५२ सालीं एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, एका सामान्य कुटुंबांत झाला. बाळपणींच ते ताकामुरा तोउन या मूर्तिकाराच्या घरीं शिकावयास राहिले. लाकडाच्या बुद्धमूर्ति कोरणें हा गुरूंचा व्यवसाय होता. पुढें गुरुभगिनीनें कोउन यांस दत्तक घेतलें व ताकामुरा हें नांव त्यांस लाभलें.

इतक्यांत १८६८ सालीं राज्यक्रांति झाली. नव्या सरकारनें शिंतो व बौद्ध हीं देवस्थानें विभक्त केलीं. त्या धामधुमींत अनेक बौद्ध मंदिरें ओस पडलीं. वर्खाचें सोनें काढण्यासाठीं मूर्ति जाळूं लागले, तेव्हां कोउन यांनीं त्यांतील कांहीं वांचविल्या. मूर्तींस गिऱ्हाईक उरलें नाहीं. पुष्कळ कारागीर परदेशांत खपणाऱ्या हस्तिदंती कामाकडे वळले. कोउन यांनीं मात्र लाकूड सोडलें नाहीं. जुन्या हत्यारांनींच, पण जिवंत प्राणी समोर ठेवून, ते नव्या रीतीनें कोरूं लागले.

या निष्ठेचें चीज झालें. टोकियोंत १८८९ सालीं उघडलेल्या सरकारी कलाशाळेंत ते शिक्षक झाले. १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत त्यांचें वृद्ध माकडाचें शिल्प गाजलें. नुकतीच गरुडाशीं झुंज झालेली, मुठींत त्याचीं पिसें राहिलेलीं, असें तें माकड आहे.

त्याच सुमारास जपानांत थोर पुरुषांचे पुतळे उभारण्याची प्रथा सुरू झाली होती. कोउन यांनीं लाकडाचे नमुने कोरले व त्यांवरून ब्राँझचे पुतळे ओतण्यांत आले. उएनो उद्यानांतील सायगो ताकामोरी यांच्या पुतळ्याचें अनावरण १८९८ सालीं झालें. सायगो हे मोठे सेनापति, पण पुढें १८७७ सालीं सरकाराविरुद्धच्या बंडांत मृत्यु पावलेले. पुतळ्यांत त्यांच्या अंगावर गणवेष नाहीं. साधें वस्त्र आहे आणि सोबत कुत्रा आहे. राजवाड्यासमोरील वीर कुसुनोकी मासाशिगे यांचा अश्वारूढ पुतळा १९०० सालीं पुरा झाला. हा कुत्रा व हा घोडा गोतो सादायुकी या सहकाऱ्यानें घडविले.

कोउन १९३४ सालीं निवर्तले. त्यांचे पुत्र कोतारो हेही शिल्पकार व कवि म्हणून प्रसिद्धीस आले. दोन्ही पुतळे आजही टोकियोंत उभे आहेत. विद्यार्थिमित्रांनो, कालमान पालटलें म्हणून कोउन यांनीं हातची विद्या टाकली नाहीं, आणि नवें शिकण्यास कमीपणाही मानला नाहीं. आपण जें शिकत आहों त्याचा उद्यां उपयोग काय, असा प्रश्न ज्याच्या मनांत येईल, त्यानें हें चरित्र अवश्य आठवावें.