तागाच्या पिळातून वळलेली लहर : जगदीशचंद्र बोस

पदार्थाचे गुण त्याच्या रासायनिक घडणीतूनच येतात, या समजुतीला मेटामटेरियलच्या अभ्यासाने धक्का दिला. तांब्यासारखी नित्याची वस्तू विशिष्ट आकारात आणि विशिष्ट अंतरावर मांडली, की तिच्यातून जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी निसर्गातील पदार्थांत सहसा न आढळणारे वर्तन करतात. या शास्त्राचा इतिहास सांगताना अभ्यासक १८९८ मधील एका शोधनिबंधापर्यंत मागे जातात. त्याचे कर्ते होते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये जन्मलेल्या बोस यांचे प्रारंभीचे शिक्षण बंगाली पाठशाळेत झाले. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ते लंडनला गेले; मात्र प्रकृतीने साथ न दिल्याने केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. तेथे त्यांना लॉर्ड रॅली यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले, तेव्हा युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन त्यांच्या वाट्याला आले. वडील कर्जात बुडालेले असतानाही त्यांनी तीन वर्षे ते वेतन स्वीकारले नाही आणि शिकवणे मात्र चालू ठेवले. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. मागील थकबाकीसह पूर्ण वेतन मिळाले आणि त्यातून वडिलांचे कर्ज फिटले.

१८९४ पासून त्यांनी महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने लहरींची उपकरणे घडवली. त्यांनी निर्माण केलेल्या लहरींची लांबी सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत खाली आली होती. आखूड लहरींमुळे प्रकाशाचे प्रयोग टेबलावर मावतील अशा साधनांनी करता येऊ लागले. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे मांडून व्याख्यान दिले.

साखरेचे द्रावण प्रकाशाच्या कंपनाचे प्रतल फिरवते, हे तेव्हा ज्ञात होते. त्यामागे रेणूंचे डावे-उजवेपण असेल, तर रेणूऐवजी मोठी पिळदार वस्तू ठेवून मोठ्या लहरींवर तोच परिणाम दिसावा, असे बोस यांनी ताडले. बंगालात मुबलक असलेल्या तागाच्या जुड्यांना त्यांनी काही उजवीकडे, तर काही डावीकडे पीळ दिला. एकाच जातीचे पीळ लहरींच्या मार्गात ठेवताच प्रतल फिरले. दोन्ही जाती समसमान मिसळताच परिणाम नाहीसा झाला. ताग तोच होता. फरक केवळ पिळाच्या दिशेचा होता.

याचे गणित फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात प्रकाशापुरते मांडले होते. सरळ रेषेत कंप पावणारी लहर ही उजव्या आणि डाव्या अशा दोन वर्तुळाकार लहरींची बेरीज मानता येते. पिळदार माध्यमात या दोघींचा वेग वेगळा असतो. त्यामुळे बाहेर पडताना प्रतल वळलेले असते. हे वळण दोन अपवर्तनांकांतील फरकाच्या आणि माध्यमाच्या जाडीच्या प्रमाणात वाढते. आजचे गणिती प्रारूप आणखी एक पाऊल पुढे टाकते. घटक लहरीच्या लांबीहून बरेच लहान असतील, तर प्रत्येक घटकाचा हिशेब न ठेवता सगळी रचना एकसंध पदार्थ मानता येते आणि मॅक्सवेलच्या समीकरणांत तिचे सरासरी विद्युत व चुंबकीय गुण घालता येतात. या काटेकोर व्याख्येत तागाच्या जुड्या बसत नाहीत. पण रचनेतून गुण घडवता येतो, हे मर्म त्यांनी दाखवून दिले होते.

१९०० च्या सुमारास बोस सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादाकडे आणि पुढे वनस्पतींकडे वळले. लहरींचा हा धागा त्यांनी पुन्हा उचलला नाही. पुढे १९१४ मध्ये फिनलंडच्या कार्ल लिंडमन यांनी तांब्याच्या तारांची वेटोळी वापरून तशाच प्रकारचे वळण मोजले. १९६७ मध्ये रशियाच्या व्हिक्टर व्हेसेलागो यांनी ऋण अपवर्तनांकाच्या पदार्थाचे गणित मांडले, तर २००४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री यांनी डावे-उजवेपण असलेल्या रचनेतूनही ऋण अपवर्तन साधता येते, हे दाखवले.

१९१७ मध्ये बोस यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था उभारली आणि १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. मेटामटेरियल हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता.